‘हो’ या उत्तराचा अर्थ : विकासात्मक विकलांगता असलेला रुग्ण आणि परिचारिका यांचे संभाषण

रुग्णालयातील परिचारिका दिवसभरात जे प्रश्न विचारते, त्यांतील बहुतेकांचे उत्तर एका शब्दात येते. ‘दुखतंय का?’, ‘जेवलात का?’, ‘गोळी घेतली ना?’, ‘रात्री झोप लागली?’ या प्रश्नांना रुग्ण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो, परिचारिका तक्त्यावर नोंद करते आणि पुढच्या खाटेकडे वळते. हा व्यवहार इतका सरावाचा आहे की त्याच्या मुळाशी दोन गृहीते असतात याची जाणीव कोणासच राहत नाही. पहिले गृहीत असे की रुग्णास प्रश्न समजला. दुसरे असे की त्याने दिलेले उत्तर प्रश्नात विचारलेल्या गोष्टीविषयीच आहे. सामान्यतः ही दोन्ही खरी ठरतात. परंतु ज्या रुग्णाची भाषा, आकलन किंवा सामाजिक व्यवहाराची जाण बालपणापासूनच वेगळ्या मार्गाने घडली आहे, त्याच्या बाबतीत ती एकाच वेळी ढासळू शकतात. आणि ती ढासळली आहेत हे ‘हो’ या उत्तरावरून कळत नाही.

‘विकासात्मक विकलांगता’ ही संज्ञा एका विकाराची नव्हे. वाढीच्या काळात उद्भवणाऱ्या व बहुधा आयुष्यभर टिकणाऱ्या अनेक अवस्था तिच्यात येतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम ही त्यांतील परिचित नावे होत. ‘मतिमंद’ हा पूर्वी सरसकट वापरला जाणारा शब्द आता शास्त्रीय लेखनातून मागे पडला आहे, आणि ते योग्यच झाले. कारण तो शब्द भाषाभ्यासकाच्या दृष्टीने जे भेद महत्त्वाचे तेच पुसून टाकत होता. सेरेब्रल पाल्सीत उच्चारास लागणारे स्नायू ताब्यात नसतात, परंतु आकलन पूर्णपणे शाबूत असू शकते. डाउन सिंड्रोममध्ये आकलन बहुधा बोलण्याच्या पुढे असते आणि त्यात श्रवणदोषाची भर पडण्याचा संभव मोठा असतो. स्वमग्न व्यक्तीचा शब्दसंग्रह व व्याकरण कधी कधी उत्तम असते, पण वाक्यामागचा अनुच्चारित हेतू तिच्या हाती लागत नाही. तात्पर्य, रुग्ण कसा बोलतो यावरून त्यास किती समजते याचा अंदाज बांधणे दोन्ही दिशांनी फसवे आहे.

या प्रश्नाची पद्धतशीर नोंद इंग्लंडमध्ये झालेली आढळते. तेथे बौद्धिक अक्षमतेस ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणण्याचा प्रघात असून, परिचर्येच्या नोंदणीत या रुग्णांसाठी एक स्वतंत्र शाखाच आहे. असे असूनही ‘मेनकॅप’ या संस्थेने 2007 साली सहा मृत्यूंची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा सामान्य रुग्णालयांतील व्यवस्थेचे वैगुण्य उघडे पडले. त्यांतील एका रुग्णास पक्षाघातानंतर गिळता व बोलता येत नव्हते. त्यास सव्वीस दिवस अन्न मिळाले नाही. पुढे ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात 2010 ते 2012 या काळात झालेल्या अशा 247 मृत्यूंची तपासणी केली. तिचा अहवाल 2013 मध्ये निघाला. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेने या वर्गातील पुरुष सुमारे 13 वर्षे आणि स्त्रिया सुमारे 20 वर्षे आधी मरण पावल्या, असे त्यात दिसून आले. निदानास व उपचारास झालेला विलंब हे त्यातील एक ठळक कारण होते. रोग असाध्य होता असे नव्हे. रोग आहे हे वेळेवर कोणास समजले नव्हते.

न समजण्याचे एक कारण वैद्यकशास्त्रास 1982 पासून नावानिशी परिचित आहे. रुग्णात दिसणारा प्रत्येक बदल त्याच्या मूळ विकलांगतेच्या खाती टाकण्याच्या प्रवृत्तीस अमेरिकन संशोधकांनी त्या वर्षी जे नाव दिले, त्याचे ‘निदानाची झाकोळ’ असे मराठी करता येईल. रुग्ण डोके आपटतो. ‘तो तसाच आहे’ असे म्हटले जाते, आणि दाढ दुखत असल्याची शंका कोणास येत नाही. ही झाकोळ दूर करण्याचे साधन एकच, ते म्हणजे रुग्णास विचारणे. पण विचारण्याच्या क्रियेतच दोष असेल तर काय होते, हा भाषाशास्त्राच्या कक्षेतील प्रश्न आहे.

कॅरोल सिगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेला निबंध या बाबतीत आधारभूत मानला जातो. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना त्यांनी परस्परविरुद्ध प्रश्नांच्या जोड्या विचारल्या, तसेच ज्यांचे उत्तर उघडच ‘नाही’ असे आहे असे प्रश्नही विचारले. पुष्कळांनी विरुद्ध प्रश्नांनाही ‘हो’ म्हटले. प्रश्न जितका दुर्बोध तितका होकाराकडे कल अधिक, असा निष्कर्ष निघाला. ‘हा की तो’ अशा विकल्पात्मक प्रश्नांनी हा कल घटतो. मात्र केवळ तोंडी विकल्प दिल्यास शेवटी उच्चारलेला विकल्प निवडला जाण्याचा संभव राहतो. विकल्पांसोबत चित्रे दाखविली असता उत्तरे अधिक भरवशाची ठरली.

यावरून ‘होकार देणे हा या व्यक्तींचा स्वभावच आहे’ असे विधान पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. त्यास 1996 साली मार्क रॅपली व चार्ल्स अँटाकी यांनी संभाषण-विश्लेषणाच्या पद्धतीने आव्हान दिले. मुलाखतींच्या प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणांत त्यांना निराळेच दिसले. मुलाखतकार प्रश्न विचारतो, व्यक्ती उत्तर देते, ते उत्तर मुलाखतकारास अपुरे वाटते व तो तोच प्रश्न बदललेल्या शब्दांत पुन्हा विचारतो. नित्याच्या संभाषणात उत्तर दिल्यावर तोच प्रश्न पुन्हा आला तर त्याचा अर्थ ‘तुझे पहिले उत्तर चुकले’ असा होतो. शाळेत हाच अर्थ प्रत्येकजण शिकतो, आणि ज्याने आयुष्यभर परीक्षकांसमोर बसूनच काढले आहे तो तर विशेषच. तेव्हा तो उत्तर बदलतो. या बदलास विसंगती म्हणावयाचे की संभाषणाच्या नियमाचे अचूक पालन? रॅपली व अँटाकी यांचे उत्तर दुसऱ्या पक्षाचे आहे, आणि ते मान्य करण्याजोगे आहे. परिचारिकेच्या दृष्टीने त्यातून निघणारा बोध व्यवहार्य आहे. रुग्णाने उत्तर देण्यापूर्वी प्रश्न पुन्हा उच्चारावयाचा झाल्यास तो त्याच शब्दांत उच्चारावा. कारण वाक्य बदलले की पहिले वाक्य उलगडीत असलेल्या रुग्णापुढे दुसरेच ओझे येऊन पडते. उत्तर मिळाल्यानंतर मात्र तोच प्रश्न विचारू नये. खातरजमा दुसऱ्या मार्गाने करावी. ‘पोटात दुखतं का?’ यास ‘हो’ असे उत्तर आले तर थोड्या वेळाने ‘पाय दुखतो का?’ असे विचारून पाहावे, किंवा बोट ठेवून दाखविण्यास सांगावे. दोन्हींच्या मध्ये थांबावे, हे सांगणे सोपे आणि तीस खाटांच्या कक्षात आचरणे कठीण. तथापि त्यास पर्याय नाही.

येथवर उल्लेखिलेले अभ्यास इंग्रजी भाषकांविषयीचे आहेत. प्रत्येक भाषा आपल्या प्रश्नांत व सूचनांत निराळे खळगे ठेवते. मराठी परिचारिकेच्या नित्याच्या वाक्यांकडे या दृष्टीने पाहिले असता पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की, अडचण कठीण शब्दांची फारशी नाही. ‘सोपे शब्द वापरावेत’ असा उपदेश परिचर्येच्या पुस्तिकांतून केला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मराठीतील घोटाळ्याची रूपे अत्यंत सोप्या शब्दांतच दडलेली आहेत.

प्रथम प्रश्नार्थक निपात घ्या. ‘गोळी घेतली का?’ आणि ‘गोळी घेतली ना?’ या दोन वाक्यांत एका अक्षराचा भेद आहे. पहिले माहिती विचारते. दुसरे होकार गृहीत धरून त्यास दुजोरा मागते. ज्याचा कल आधीच होकाराकडे आहे त्यास ‘ना’ने विचारणे म्हणजे उत्तर त्याच्या तोंडात घालणे होय. घाईत असलेल्या परिचारिकेच्या तोंडी मात्र ‘ना’च अधिक येतो, कारण तो आपुलकीचाही निपात आहे. ‘बरं वाटतंय ना आता?’ या वाक्यातील माया खरी असते. तीमुळेच त्यास ‘नाही’ म्हणणे अवघड होते.

‘आपण’ या सर्वनामाचा प्रकार याहून गुंतागुंतीचा आहे. हे सर्वनाम बोलणारा व ऐकणारा या दोघांना कवेत घेते, समोरच्या व्यक्तीविषयी आदरही दाखविते, आणि ‘स्वतः’ या अर्थीही येते. ‘आपण आता इंजेक्शन घेऊ या हं’ या वाक्यात परिचारिका समावेशक रूपाने आज्ञेची धार बोथट करीत असते. शब्दशः अर्थ घेणाऱ्या स्वमग्न रुग्णास मात्र यातून असे कळते की इंजेक्शन दोघांनाही द्यावयाचे आहे. पहिले कोणास, हा त्याचा प्रश्न मग अडाण्याचा राहत नाही. तो व्याकरणास धरूनच असतो.

निरोप घेताना ‘जाते’ म्हणणे मराठीत अशुभ मानतात. म्हणून परिचारिका खाटेपासून दूर होताना ‘येते हं’ म्हणते. तिच्या दृष्टीने संभाषण संपले. रुग्णाच्या दृष्टीने ती येणार आहे. तो वाट पाहत राहतो, दहा मिनिटांनी हाका मारू लागतो, आणि नोंदीत ‘रुग्ण अस्वस्थ’ असे लिहिले जाते. येथे एक संपूर्ण लक्षण केवळ एका क्रियापदाने निर्माण केले.

कालवाचक शब्दांचीही हीच गत. ‘परवा’ हा शब्द मागचा दिवसही दाखवितो आणि पुढचाही. काळाचा निर्णय क्रियापदाकडून होतो. क्रियापदाच्या रूपापर्यंत ज्याचे लक्ष पोचत नाही, त्यास ‘परवा ऑपरेशन’ या शब्दांतून ते होऊन गेले की व्हावयाचे आहे हे उमगणार नाही. ‘कधीपासून दुखतंय?’ हा प्रश्न तर कालगणनेची अपेक्षा करतो. त्याऐवजी रुग्णाच्या दिनक्रमातील एखादी खूण धरून, ‘काल शाळेत गेलात तेव्हा दुखत होतं?’, ‘भाऊ भेटायला आला तेव्हा दुखत होतं?’ असे विचारणे हितावह. अर्थात हे प्रश्नही हो-नाहीचेच असल्याने त्यांची जोड लावून पाहावी लागते.

सूचनांच्या वाक्यरचनेत दोन अडचणी विशेष आहेत. मराठीत नकार वाक्याच्या अखेरीस येतो. ‘रात्री बारानंतर पाणी पिऊ नका’ या वाक्यात ‘पाणी’ आणि ‘पिऊ’ हे दोन ठळक शब्द आधी कानी पडतात. निषेध शेवटच्या दोन अक्षरांत आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या या सूचनेचे महत्त्व ध्यानी घेता, ‘आता पाणी बंद. ऑपरेशन झालं की पाणी.’ अशी तुटक रचना, रिकामा पेला उपडा करून दाखविण्यासह, अधिक सुरक्षित ठरावी. दुसरी अडचण क्रमाची. ‘जेवण्यापूर्वी गोळी घ्या’ यात जेवणाचा उल्लेख आधी आणि गोळीचा नंतर येतो. प्रत्यक्ष क्रम नेमका उलटा असतो. उच्चाराचा क्रम हाच घटनेचा क्रम मानणाऱ्या रुग्णासाठी ‘आधी गोळी. मग जेवण.’ इतकेच म्हणावयास हवे. ‘जेवून, हात धुऊन, गोळी घेऊन झोपा’ ही ऊनप्रत्ययान्त साखळी क्रमाने बरोबर असली तरी तिचे चारही दुवे एका वेळी ध्यानात ठेवावे लागतात.

वाक्ये लहान करावयाची म्हणजे ती लहान मुलांशी बोलण्यासारखी करावयाची, असा समज येथे होण्याचा संभव आहे. तो दूर सारणे अगत्याचे आहे. चाळीस वर्षांच्या रुग्णास ‘तू’ म्हणणे, त्यास ‘बाळ’ किंवा ‘सोन्या’ म्हणणे, त्याच्यासमोर त्याच्याविषयी आईशी तृतीयपुरुषात बोलणे, हे सर्व प्रकार मराठी कक्षांत सर्रास चालतात आणि प्रेमाने चालतात. परंतु आदरार्थी ‘तुम्ही’ आकलनास कठीण नाही. वाक्यरचना सोपी करणे आणि सर्वनाम खाली आणणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिलीची गरज असते, दुसरीची नसते. ज्यांस घरी नेहमी ‘तू’च ऐकण्याची सवय आहे त्यांचा अपवाद करावा लागेल, तो त्यांना वा त्यांच्या घरच्यांना विचारून करावा.

खरा पेच शब्दसंग्रहाचा आहे. ‘शौचाला झालं का?’ हा प्रश्न न समजणाऱ्या प्रौढ रुग्णास ‘शी’ हाच एक शब्द ठाऊक असतो. ‘वेदना’ तर सोडाच, ‘दुखणे’ हेही त्याच्या घरी ‘बाऊ’ असते. बद्धकोष्ठता या रुग्णांत वारंवार आढळते आणि क्वचित प्राणघातकही ठरते, हे लक्षात घेता येथे शिष्टतेपेक्षा अचूकतेस झुकते माप द्यावे लागते. घरचा शब्द कोणता हे भरतीच्या वेळीच विचारून लिहून ठेवावे, आणि तो ‘तुम्ही’च्या जोडीने वापरावा. ‘तुम्हाला शी झाली?’ हे वाक्य व्याकरणाच्या जाणकारास विजोड वाटेल. पण त्यात आकलन आणि आदर दोन्ही सांभाळले जातात. आणखी एक बारीकसा घोटाळा नात्यांच्या शब्दांचा. महाराष्ट्रातील रुग्णालयांत मदतनीस स्त्रीस ‘मावशी’ आणि पुरुषास ‘मामा’ म्हणतात. ‘मावशी येतील, त्या नेतील’ असे सांगितल्यावर रुग्ण आपल्या आईच्या बहिणीची वाट पाहू लागला, तर त्यात नवल नाही.

काही स्वमग्न रुग्णांत प्रश्नाचे उत्तर म्हणून प्रश्नच परत येतो. ‘पाणी हवंय?’ – ‘पाणी हवंय?’ हे निरर्थक अनुकरण मानण्याची पूर्वी रीत होती. बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डूकन यांनी 1981 मध्ये दाखवून दिले की, तात्काळ उमटणाऱ्या अशा प्रतिध्वनीस अनेक कार्ये असतात. कधी तो होकार असतो, कधी मागणी, कधी विचार करण्यास घेतलेला अवधी, कधी केवळ आपली पाळी भरून काढणे. ‘तुला पाणी हवंय’ असे रुग्ण स्वतःविषयी म्हणतो तेव्हा पुरुषवाचक सर्वनामाची अदलाबदल झालेली नसते, ऐकलेले वाक्य अखंड उचललेले असते. त्याचे कार्य कोणते हे शब्दांवरून ठरत नाही. पेला पुढे केल्यावर हात पुढे येतो की मान वळते, यावरून ते ठरते.

येथून शब्दांपलीकडील प्रदेश सुरू होतो. ज्यांस मुळीच बोलता येत नाही अशा रुग्णांच्या क्लेशाची चिन्हे कोणती, याचा अभ्यास क्लॉड रेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या ईशान्य भागात केला. त्यातून सिद्ध झालेले ‘डिसडॅट’ हे साधन 2007 च्या सुमारास परिचर्येत प्रचलित झाले. त्यातील मूलभूत विचार भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित वाटेल. वेदनेचे सर्वसामान्य असे चिन्ह नाही. प्रत्येक व्यक्तीची चिन्हव्यवस्था स्वतःची असते, आणि एक चिन्ह दुसऱ्याच्या अभावानेच अर्थपूर्ण होते. म्हणून हे साधन प्रथम रुग्ण सुखात असताना कसा दिसतो, कसे आवाज काढतो, कसा बसतो हे लिहून घेते, आणि मग क्लेशात काय बदलते ते. एक रुग्ण दुखताना ओरडतो, दुसरा गप्प होतो, तिसरा हसतो. तिसऱ्याचे हसू आनंदाचे नाही हे त्याच्या आईस किंवा सांभाळणाऱ्यास ठाऊक असते. रात्रपाळीच्या परिचारिकेस नसते. हे ज्ञान एका पाळीतून दुसऱ्या पाळीत जावे म्हणून इंग्लंडमध्ये रुग्णासोबत ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ ठेवण्याची पद्धत आहे. त्याचे अनेक नमुने तांबडा, पिवळा व हिरवा अशा तीन रंगांत आखलेले असतात. जे ठाऊक नसल्यास धोका आहे ते तांबड्यात, महत्त्वाचे ते पिवळ्यात, आवडीनिवडी हिरव्यात. एका कागदाचे हे काम आहे, आणि त्यास कोणतीही यंत्रसामग्री लागत नाही.

आई किंवा सांभाळणारा बरोबर असला म्हणजे मात्र एक नवा प्रश्न उद्भवतो. दुभाष्या जसा कधी भाषांतर करतो आणि कधी स्वतःच उत्तर देतो, तसाच हाही. प्रश्न प्रथम रुग्णाकडे पाहून विचारावा, उत्तरास वेळ द्यावा, आणि त्यानंतरच सोबतच्या व्यक्तीस ‘याचा अर्थ काय?’ असे विचारावे. ‘त्याला काय होतंय?’ असे नव्हे. पहिल्या प्रश्नात रुग्ण हा वक्ता राहतो.

चित्रांचा उपयोग सिगेलमन यांच्या निष्कर्षात आलाच आहे. शीला हॉलिन्स यांनी 1989 मध्ये सुरू केलेली शब्दविरहित चित्रपुस्तकांची मालिका त्याच दिशेची. भारतात 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ‘संप्रेषण’ या संज्ञेच्या व्याख्येत सोपी भाषा तसेच पूरक व पर्यायी साधने यांचा स्पष्ट अंतर्भाव केला आहे, आणि रुग्णालयांत या व्यक्तींना अग्रक्रमाने उपचार मिळावेत असेही म्हटले आहे. कायद्याने व्याख्या केली. कक्षातील वाक्य बदलण्याचे काम त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

राहिला प्रश्न नोंदीचा. परिचारिकेने ऐकलेले ‘हो’ वा ‘नाही’ तक्त्यावर उतरते तेव्हा त्याचा प्रश्न गळून पडतो. ‘दुखत नाही ना?’ या प्रश्नास मिळालेली मानेची हालचाल ‘वेदना नाही’ या निरपवाद विधानात रूपांतरित होते, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर ते विधान रुग्णाचे म्हणून वाचतो. वस्तुतः ते दोघांनी मिळून घडविलेले असते. म्हणून या रुग्णांच्या बाबतीत उत्तरासोबत प्रश्नही लिहिला जावा. अशी नोंद पुढील धर्तीची असू शकेल : “‘पोटात दुखतं का?’ – ‘हो’. दहा मिनिटांनी ‘गुडघा दुखतो का?’ – ‘हो’. शरीराच्या चित्रावर बोट ठेवण्यास सांगता पोटाच्या उजव्या बाजूस खाली ठेवले, पुन्हा तेथेच. दुपारचे ताट परत. आईच्या सांगण्याप्रमाणे दुखताना कान धरून बसतात. सकाळपासून तसे बसलेले.” ही नोंद वाचून अपेंडिक्सच्या दाहाची शंका घेता येते. ‘वेदना आहे, जागा अनिश्चित’ या नोंदीवरून ती घेता येत नाही.